पाच मैल म्हणजे किती सेकंद?

प्रश्न असा आला आहे: मुलीची एअरपोर्ट्स अथॉरिटीत एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदासाठी निवड झाली आहे. जून २०२४ मध्ये मुंबईत एकाच धावपट्टीवर एक विमान उड्डाण घेत असताना मागून दुसरं उतरलं, तो व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिला आहे. ‘रडार आहे, संगणक आहे, विमानातही यंत्रं आहेत, तरी सगळं एका माणसाच्या चुकीवर कसं काय लटकलेलं असतं? आणि उद्या तिच्या हातून चूक झाली तर तिलाच धरणार का?’

दुसरा प्रश्न शेवटी घेतो. पहिल्यात एक समजूत दडलेली आहे, की नीट काम करणारा कंट्रोलर चुकत नाही. चुकतो, आणि चांगला कंट्रोलरही रोज चुकतो. ‘थ्री थ्री झीरो’ म्हणायचं तिथे तोंडातून ‘थ्री फोर झीरो’ जातं. उजवीकडे वळवायचं विमान डावीकडे वळवलं जातं. पायलटने चुकीचा आकडा परत सांगितलेला असतो आणि तो तसाच ऐकून सोडला जातो. यातल्या बहुतेक चुका पाच-दहा सेकंदांत स्वतःच्या, शेजारच्याच्या किंवा पायलटच्या लक्षात येतात, ‘करेक्शन’ म्हणून आकडा सुधारला जातो आणि विषय संपतो. बातमी होते ती त्यातली एखादी जास्त वेळ जगली तर. म्हणून मी प्रश्न असा मांडेन: चूक झाल्यापासून ती कुणाला तरी दिसेपर्यंत किती वेळ जातो, आणि दिसल्यावर हातात किती उरतो? सेपरेशनचे, म्हणजे दोन विमानांत राखायच्या अंतराचे, सगळे आकडे या हिशेबासाठीच आहेत.

आता हे कुठल्या आकाशाबद्दल चाललंय त्यावर बरंच अवलंबून आहे. रडारखालच्या एन-रूट भागात (विमानतळांपासून दूर, मधल्या प्रवासात) दोन विमानांमध्ये साधारण पाच नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. विमानतळाजवळच्या अ‍ॅप्रोचमध्ये तीन मैल, तेही पुढचं विमान फार मोठं नसेल तर. हेवी विमानाच्या मागे मध्यम आकाराचं असेल तर वेक टर्ब्युलन्समुळे (पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यांमुळे) पाच, आणि ए-३८० च्या मागे सात. रडार पोचत नाही अशा अरबी समुद्रावरच्या मार्गांवर हीच अंतरं कित्येक पटींनी वाढतात, कारण तिथे चूक दिसायलाच कितीतरी मिनिटं जातात. उंचीचं म्हणाल तर हजार फूट. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात पूर्वी दोन हजार ठेवत, भारतात नोव्हेंबर २००३ पासून तिथेही हजार. आडवं किंवा उभं, दोन्हीपैकी एक सेपरेशन पुरतं.

शिवाय कोण कोणाशी बोलतंय हेही पाहावं लागतं. आपल्याकडचंच घ्या. मुंबई आणि नागपूर एअरपोर्ट्स अथॉरिटीकडे, पुण्याचं लोहगाव हवाई दलाकडे, गोव्याचं दाबोळी नौदलाकडे. पुण्याहून उडालेलं विमान मुंबईच्या हद्दीत येतं तेव्हा दोन वेगळ्या संस्थांमधल्या दोन माणसांनी एकच आकडा एकाच अर्थाने समजून घेतलेला असावा लागतो.

एक उदाहरण सेकंदांत मोजून दाखवतो. समोरासमोर येणारी दोन विमानं, दोन्ही ४५० नॉटने, म्हणजे तासाला ४५० नॉटिकल मैलांनी. एक फ्लाइट लेव्हल ३४० वर, म्हणजे ३४,००० फुटांवर, सरळ चाललंय. दुसरं आत्ता ३१८ वर आहे आणि मिनिटाला १,५०० फुटांनी चढतंय. कंट्रोलर त्याला ३३० देतो. पायलट ३४० ऐकतो, ३४० परत सांगतो, आणि कंट्रोलरच्या कानातून ते निसटतं. या क्षणी दोघांत ३० मैल आहेत. प्रत्येक विमान मिनिटाला साडेसात मैल कापतंय, म्हणजे मधलं अंतर मिनिटाला पंधरा मैलांनी घटतंय.

पुढचे ४८ सेकंद पडद्यावर काहीही वावगं नाही. ३३० ला चाललेलं विमान आणि चुकून ३४० ला चाललेलं विमान या ४८ सेकंदांत अगदी सारखंच दिसतं. मग ते ३३० ओलांडतं. लांब पल्ल्याचं रडार एका फेरीला दहा-बारा सेकंद घेतं, तेवढ्यात विमान तीनशे फूट चढलेलं असतं. त्यामुळे पडद्यावर ठिपक्याशेजारच्या लेबलवरचा उंचीचा आकडा ३३० वरून एकदम ३३३ होतो. ३३१-३३२ दिसलं असतं तरी लगेच ओरडता आलं नसतं, कारण दाखवलेल्या उंचीत दोनशे फुटांपर्यंतचा फरक चालतो असं धरलेलं असतं. साठावा सेकंद आला. अंतर आता १५ मैल.

पाच मैलांचं सेपरेशन तुटायला ४० सेकंद उरले, भेटीला ६०. विमानातलं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारं यंत्र, या उंचीवर साधारण ३५ सेकंद आधी पायलटला ‘चढ’ किंवा ‘उतर’ असा आदेश देतं. म्हणजे कंट्रोलरच्या वाट्याला खरे २५ सेकंद. आकडा मेंदूत शिरणं, फ्रिक्वेन्सी मोकळी मिळणं, बोलणं, पायलटने ऐकून हात हलवणं, यात दहा-बारा गेले. नवशिक्याचा जीव इथे विमान वळवण्याकडे धावतो. पण ४५० नॉटला २५ अंश कललेलं विमान सेकंदाला जेमतेम एक अंश वळतं. ३० अंशांचं वळण पुरं व्हायलाच अर्धा मिनिट लागतो. उलट चढणारं विमान ठरलेल्या उंचीच्या फक्त तीनशे फूट वर आहे. म्हणून मुरलेला कंट्रोलर आधी ‘इमिजिएटली’ शब्द लावून त्याला ३३० वर परत पाठवतो, आणि वळण मागाहून, दुसऱ्या विमानाला, जादाची काळजी म्हणून देतो.

हीच चूक रीडबॅकच्या क्षणी, म्हणजे पायलट सूचना परत सांगत असतानाच, पकडली असती तर? ‘निगेटिव्ह, थ्री थ्री झीरो.’ तीन सेकंदांचं काम, कुणाच्या चहाचा कपही हलला नसता.

म्हणून प्रशिक्षणात रीडबॅकवर इतका जोर असतो. पायलटने उंची, दिशा, धावपट्टी, अल्टिमीटरची सेटिंग जशीच्या तशी परत सांगायची, हा अर्धा भाग झाला. बाहेरच्या लोकांनाही तो माहीत असतो. उरलेला अर्धा कंट्रोलरच्या कानाचा आहे आणि गळती तिथेच होते. आपण ३३० सांगितलेलं असतं, त्यामुळे ३३० च ऐकू येतं. त्यात पायलट परत सांगत असताना मन पुढच्या विमानाकडे गेलेलं असतं, कारण तिकडून कुणीतरी दोनदा हाक मारून झालेली असते. यावर जुनी आणि साधी सवय आहे: सूचना देताना आकडा स्ट्रिपवर (त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर) लिहायचा, पण त्यावर खूण करायची ती रीडबॅक ऐकतानाच, आकड्यावर डोळा ठेवून. बरेच जण बोलतानाच खूण करून मोकळे होतात. मग ती खूण ‘मी सांगितलं’ एवढंच सांगते, ‘त्याने बरोबर ऐकलं’ हे सांगत नाही. स्ट्रिप कागदाची असो की पडद्यावरची, गोष्ट तीच. जिथे मोड-एस (विमानाकडून जास्त माहिती मिळवणारं रडार) आहे तिथे पायलटने ऑटोपायलटवर फिरवलेली उंचीसुद्धा लेबलवर दिसते, आणि मग ते ४८ आंधळे सेकंद दहा-पंधरावर येतात. माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सेपरेशनसाठी झालेली ही सगळ्यात कामाची सुधारणा आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं.

भाषेची घसरण कशी होते याचं एक उदाहरण प्रशिक्षणात हमखास सांगतात. फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूर. फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७ उतरणीला होतं. कंट्रोलरने ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ म्हटलं, म्हणजे २,४०० फूट. इंग्रजीत दोन या आकड्याचा आणि ‘पर्यंत’ या शब्दाचा उच्चार एकच. कॉकपिटमध्ये ते ‘४०० पर्यंत’ असं ऐकलं गेलं. विमान टेकडीवर आदळलं, चारही जण गेले. म्हणून आज आकड्याच्या आधी ‘ऑल्टिट्यूड’ किंवा ‘फ्लाइट लेव्हल’ लावतात आणि हजार-शंभर उलगडून म्हणतात. प्रशिक्षणात मुलांना हा वाक्यप्रयोगांचा काच कंटाळवाणा वाटतो. त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या तरी अपघातानंतर आलेला आहे. १९७७ मध्ये तेनेरिफेला दोन जम्बो धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली, त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नावाची. जपानमध्ये ३१ जानेवारी २००१ रोजी एक शिकाऊ कंट्रोलर काम करत होता, मागे प्रशिक्षिका बसलेली होती. जपान एअरलाइन्सची दोन विमानं जवळ येत होती, ९०७ आणि ९५८. खाली आणायचं होतं ९५८, तोंडातून गेलं ९०७. ९०७ ने सूचना बरोबर परत सांगितली, पण ती मुळात चुकीच्या विमानाला गेली होती, आणि ते प्रशिक्षिकेच्याही लक्षात आलं नाही. रीडबॅकची चाळणी इथे कामाची नाही, कारण परत आलेलं वाक्य बरोबरच असतं. शेवटी वैमानिकांनी एकमेकांना डोळ्यांनी पाहून विमानं वाचवली. झटक्याने सुमारे शंभर प्रवासी जखमी झाले. अशा वेळी उपयोगी पडतं ते एकच: सूचना दिल्यावर त्या विमानाचा ठिपका खरंच हलला का, हे पुढच्या दोन फेऱ्यांत बघणं. आपल्याकडे एकाच कंपनीची आठ-दहा विमानं एका फ्रिक्वेन्सीवर असतात आणि त्यातल्या दोघांचे शेवटचे दोन आकडे जुळले की गोंधळ ठरलेला. त्यामुळे नावात अक्षरं मिसळतात, आणि तरीही जुळलीच तर दोघांनाही ‘तुमच्यासारख्या नावाचं विमान फ्रिक्वेन्सीवर आहे’ असं सांगून ठेवायचं.

कंट्रोलरने सगळं बरोबर करूनही सेपरेशन जाऊ शकतं. चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदियाचं ७४७ चौदा हजार फुटांपर्यंत चढवलेलं, समोरून येणारं कझाकस्तानचं आयएल-७६ पंधरा हजारांवर थांबवलेलं. हजार फूट, नियमाप्रमाणे. समोरच्या विमानाची माहितीही देऊन झालेली. तरी आयएल-७६ पंधरा हजारांच्या खाली आलं आणि ३४९ माणसं गेली. त्या विमानात एटीसीशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा आणि विमान चालवणारा वेगळा. ऐकलेलं हातापर्यंत पोचायला मधे एक माणूस जास्त. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या दिवशी कंट्रोलरच्या पडद्यावर उंचीच दिसत नव्हती. दिल्लीला तेव्हा फक्त प्रायमरी रडार चालू होतं, ठिपका दाखवणारं. पायलट ‘पंधरा हजार’ म्हणाला की पंधरा हजार मानायचं, दुसरा इलाज नाही. चूक दिसायला लागणारा वेळ इथे अनंत होता. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना वाट एकच. त्यानंतर उंचीही दाखवणारं सेकंडरी रडार आलं, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि भारतात उडणाऱ्या मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीचं झालं.

टीकॅस आलं म्हणजे प्रश्न मिटला असं वाटेल, पण त्याने एक नवी चूक शक्य केली. १ जुलै २००२ ची रात्र, जर्मनीतलं यूबरलिंगेन, आकाश झ्युरिकच्या ताब्यात. बश्किरियन एअरलाइन्सचं टीयू-१५४ आणि डीएचएलचं ७५७, दोन्ही ३६,००० फुटांवर. ड्यूटीवर दोन कंट्रोलर, त्यातला एक विश्रांतीला गेलेला. रात्री असं करायची तिथे वर्षानुवर्षांची पद्धत होती आणि वरिष्ठांना ती माहीत होती. उरलेला एकटा दोन जागा सांभाळत होता. एका पडद्यावर ही दोन विमानं, दुसऱ्यावर फ्रीडरिशहाफेनला उशिरा उतरणारं एक एअरबस. त्या विमानतळाला फोन लावायचा तर मुख्य फोन यंत्रणा देखभालीसाठी बंद आणि पर्यायी लाइन नादुरुस्त. जवळ येणाऱ्या विमानांचा पडद्यावरचा इशाराही त्याच कामासाठी बंद ठेवलेला. शेजारच्या कार्ल्सरूहेच्या केंद्राला धोका दिसला. ते फोन करत राहिले, फोन लागेना.

कंट्रोलरने धडकेच्या ४३ सेकंद आधी टीयू-१५४ ला खाली यायला सांगितलं. सात सेकंदांनी त्याच विमानाच्या टीकॅसने ‘चढ’ म्हटलं आणि ७५७ च्या टीकॅसने ‘उतर’. ७५७ यंत्राचं ऐकून उतरलं, टीयू-१५४ माणसाचं ऐकून उतरलं. ७१ बळी, त्यात बरीचशी शाळकरी मुलं. जपानमधल्या प्रकरणातही हेच घडलं होतं: ९०७ ला यंत्र ‘चढ’ म्हणत होतं आणि पायलट कंट्रोलरच्या सूचनेप्रमाणे उतरत होता. सतरा महिने आधीचा हा इशारा होता.

आता नियमात संदिग्धता नाही. टीकॅसचा आदेश आला की पायलटने तोच पाळायचा, कंट्रोलर काहीही म्हणो. पायलट ‘टीकॅस आरए’ (टीकॅसचा आदेश आला आहे) म्हणाला की कंट्रोलरने ‘रॉजर’ म्हणायचं आणि त्या विमानाला उंचीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) येईपर्यंत. सिम्युलेटरवर हे करून बघितलं की कळतं, की समोर दोन ठिपके मिसळत असताना गप्प बसणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम असू शकतं.

आता तुम्ही पाहिलेल्या प्रकारच्या प्रसंगाकडे येतो. त्या दिवशी नेमकं कुणाचं काय झालं त्यावर इथे निवाडा करत नाही, पण अशा प्रसंगामागचं गणित सांगतो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुतेक वेळ एकावरच सगळं चालतं. उतरणाऱ्या दोन विमानांत समजा सहा मैल ठेवले. शेवटच्या टप्प्यात वेग १४० नॉटच्या आसपास, म्हणजे सहा मैलांना साधारण १५५ सेकंद. पहिलं उतरून धावपट्टी सोडायला ५०-६० सेकंद घेणार. मधे उडणारं विमान रांगेत येऊन उभं, परवानगी मिळाल्यावर धावून हवेत जायला ४० सेकंद. उरले पन्नासेक. पायलटने परवानगी मिळाल्यावर वीस सेकंद लावले, पुढचं विमान ठरलेल्या वळणाऐवजी पुढच्या वळणाने बाहेर पडलं, मागचं दहा नॉट जास्त वेगाने आलं, की ते पन्नास वाफेसारखे उडून जातात. या तीन गोष्टी एकाच वेळी होणं अजिबात दुर्मीळ नाही.

इथे विसरण्यापेक्षा आशा जास्त घात करते. ‘निघालं, निघालं, आता निघेल.’ योजना मनात पक्की बसलेली असते आणि डोळे तिला पुरावा शोधत राहतात. यावर उपाय म्हणजे फाटा आधीच ठरवणं: मागचं विमान दोन मैलांवर आलं, म्हणजे साधारण ५० सेकंद उरले, आणि पुढच्याची धाव सुरू झालेली नसेल, तर आत्ता ठरवायचं. गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाऊन फेरी मारणं) दिलं तर प्रवाशांना दहा-पंधरा मिनिटं उशीर आणि पोटात गोळा. पायलटला त्यात अपमान वाटत नाही. नव्या कंट्रोलरला उगाचच स्वतःचा वाटतो. प्रत्येक टॉवरचा मैलांचा आकडा वेगळा असू शकतो, दृश्यमानता आणि धावपट्टीच्या ओलीवर तो बदलतो, पण तो आधी ठरलेला पाहिजे.

विसरण्याचं उदाहरण लॉस एंजेलिसचं. १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी टॉवरने एक छोटं विमान धावपट्टीवर उभं केलं, मधेच दुसऱ्या एका विमानाच्या गोंधळात लक्ष गेलं, आणि त्याच धावपट्टीवर ७३७ ला उतरायची परवानगी दिली गेली. पस्तीस माणसं गेली. आठवण डोक्यात ठेवायची नाही, ती हातात ठेवायची, हा धडा तिथून पक्का झाला: धावपट्टीवर काहीही उभं असेल तर स्ट्रिपच्या फळीवर ‘रनवे ब्लॉक्ड’ची लाल पट्टी आडवी, आणि ती काढल्याशिवाय तोंडातून परवानगी जायला नको. उंची बदलायची राहिलेल्या विमानाची स्ट्रिप रांगेतून बोटभर बाहेर ओढून ठेवतात तेही यासाठीच. डोळा आपोआप तिथे अडखळतो.

लोकांना वाटतं चुका गर्दीत होतात. गर्दीत माणूस सावध असतो, शेजारी दुसरा असतो, वाक्यं छोटी होतात. घसरण होते ती गर्दी ओसरताना: दोन सेक्टर (आकाशाचे वाटून दिलेले भाग) एकत्र केलेले, एक जण जेवायला गेलेला, खांदे सैल पडलेले. तसाच धोका नवा माणूस जागेवर बसल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत असतो. उठणाऱ्याच्या डोक्यात जे चित्र होतं त्यातलं न सांगितलेलं तेवढं गळतं, आणि न सांगितलेलं असतं ते ‘हे उघडच आहे’ म्हणून. म्हणून यादी बघून सांगायचं, तोंडपाठ नाही: हवामान, बंद यंत्रणा, धावपट्टी, फोनवर कबूल केलेल्या गोष्टी, मग एकेक विमान. बसणाऱ्याने आधी हेडसेट लावून मिनिट-दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. उठणाऱ्याने लगेच पळायचं नाही, मागे उभं राहायचं. मुंबईत मध्यरात्रीनंतर आंतरराष्ट्रीय विमानांची मोठी लाट असते. ती ओसरते पहाटे, जेव्हा शरीर झोप मागत असतं. पावसाळ्यात यात ढगांची भर. प्रत्येक जण ‘ट्वेंटी माइल्स लेफ्ट ड्यू वेदर’ (हवामानामुळे वीस मैल डावीकडे) मागतो, आखीव मार्ग मोडतात, आणि ज्या दोन विमानांचा एकमेकांशी कधी संबंध येत नाही ती समोरासमोर येतात.

मग माणूस काढून यंत्रच का नाही? यंत्राचे इशारे आहेतच, पण त्यांनाही माणूसच ऐकतो. टोकियोच्या हानेदावर २ जानेवारी २०२४ ला तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर आलं आणि उतरणारं ए-३५० त्यावर आदळलं. धावपट्टीवर कुणीतरी आहे हे दाखवणारी यंत्रणा चालू होती, पडद्यावर खूणही आली होती, ती पाहिली गेली नाही. इशारा वारंवार उगाच वाजला की कान तो गाळायला शिकतो. हजारदा बरोबर चालणाऱ्या गोष्टींत यंत्र सरस आहे. दहा विमानं एकाच ढगाला वळसा घालायला परवानगी मागत असताना, त्यातल्या एकाचं इंधन कमी आणि एकात आजारी माणूस, तिथे अजून तरी माणूस लागतो.

आता तिलाच धरणार का? सेपरेशन गेलं की लगेच त्या कंट्रोलरला जागेवरून उठवतात, ध्वनिमुद्रण आणि रडारची नोंद जपून ठेवतात, चौकशी होईपर्यंत ड्यूटी बंद. मुंबईच्या त्या प्रसंगातही डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) चौकशी लावली आणि कंट्रोलरला ड्यूटीवरून बाजूला केलं. याला शिक्षा समजू नका. हादरलेल्या माणसाला पुढची विमानं द्यायची नाहीत, हा साधा व्यवहार आहे. पुढे बहुधा पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा, मग परत जागेवर. मुद्दाम नियम मोडला, नशेत होता, लपवाछपवी केली, तर गोष्ट वेगळी.

कोर्टाचं मात्र देशागणिक बदलतं. जपानच्या त्या प्रकरणात शिकाऊ आणि प्रशिक्षिका दोघांवर फौजदारी खटला चालला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवणारा निकाल कायम ठेवला. यूबरलिंगेनच्या प्रकरणात स्विस न्यायालयाने २००७ मध्ये झ्युरिकचं केंद्र चालवणाऱ्या स्कायगाइड कंपनीचे चार व्यवस्थापक दोषी ठरवले. त्या रात्री एकट्या बसलेल्या कंट्रोलरचा त्याआधीच, २००४ मध्ये, अपघातात कुटुंब गमावलेल्या एका माणसाने खून केला होता. मला स्विस निकाल जास्त पटतो, कारण फोन बंद ठेवण्याचा आणि एकाला झोपायला पाठवण्याची पद्धत चालवून घेण्याचा निर्णय पडद्यासमोर बसलेल्याचा नव्हता. कंट्रोलरला तुरुंगाची भीती घातली की तो चुका कमी करत नाही, सांगणं बंद करतो. आणि न सांगितलेली छोटी चूक पुढच्या शिफ्टमधल्या माणसासाठी तशीच पडून राहते.

प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला लागेल. तोवर तिला काही करायचंच असेल तर नियमांची पुस्तकं राहू देत, ती तिथे मिळतील. दोन सवयी मात्र घरी लागू शकतात. फोन नंबर, गाड्यांचे नंबर इंग्रजीत एकेक आकडा सुटा करून मोठ्याने म्हणायचे, आणि दुसऱ्याने मुद्दाम एक आकडा बदलून परत म्हणायचा, तिने पकडायचा. हा खेळ तुम्ही जेवताना खेळू शकता, आणि पहिल्या दिवशी ती किती वेळा फसते ते बघून तुम्हाला रीडबॅकबद्दल वर लिहिलेलं जास्त पटेल. दुसरी सवय वेगाला साठने भागायची: ४८० म्हणजे मिनिटाला आठ मैल, ४२० म्हणजे सात, ३६० म्हणजे सहा. मग विचारायचं, ४२० ने येणारं विमान ३५ मैलांवरच्या बिंदूला किती मिनिटांत, आणि ४८० वालं ४८ मैलांवरून त्याच बिंदूला किती मिनिटांत? पाच आणि सहा. एका मिनिटाचा फरक. मागचं पोचेल तेव्हा पुढचं, दोघांच्या वाटा तिथून कशा फुटतात त्यावर, सात मैलांवर असेल किंवा त्याहून जवळ. ‘कशा फुटतात?’ असं तिने स्वतःहून विचारलं तर तयारी चांगली चालली आहे.